आजी-आजोबांच्या पोटदुखीला 'गॅस' म्हणणं थांबवा!

हा लेख मी रागातच लिहितोय, हे आधीच सांगून टाकतो. नेहमीसारखं 'आजार, लक्षणं, उपचार' असं शांतपणे समजावणं आज जमणार नाही.

सकाळी साडेसहाला दवाखान्याची बेल वाजली. बहात्तर वर्षांच्या आजी, पंधरा वर्षांचा मधुमेह. (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत.) आदल्या दिवशी एकादशी. रात्री नऊच्या सुमारास बेंबीच्या वर दुखायला लागलं, मळमळलं, एक उलटी झाली. घरात लगेच निदान झालं: साबुदाणा बाधला, गॅस झाला. ओवा दिला, पोटाला हिंग लावला, सोडा पाजला. ढेकर आली, सगळ्यांना हायसं वाटलं. बाराला पुन्हा दुखायला लागलं तेव्हा जवळच्या एका डॉक्टरांकडे नेलं. तिथे ॲसिडिटीचं इंजेक्शन मिळालं, ईसीजी निघाला नाही. रात्रभर आजी कण्हत होत्या, घामाने साडी भिजली होती. 'आता सकाळीच बघू' असं ठरलं.

माझ्यासमोर आल्या तेव्हा नाडी मिनिटाला अडतीस होती आणि बीपी लागत नव्हतं. ईसीजीत हृदयाच्या खालच्या भागाचा झटका स्पष्ट दिसत होता. जमेल ते करून ॲम्ब्युलन्सने पुढे पाठवलं. दुपारी फोन आला, आजी गेल्या. संध्याकाळी मुलगा भेटायला आला. त्याचा एकच प्रश्न होता, "पण डॉक्टर, आईच्या छातीत तर एकदाही दुखलं नाही!"

त्याला काय उत्तर देणार? नऊ तास गेले होते. ते गेले एका शब्दामुळे. गॅस.

'गॅस' हे निदान नाही

गॅस होत नाही असं मी म्हणत नाही. हरभरा, वाटाणा, कोबी खाल्ल्यावर पोट गुडगुडतं, दुखणं जागा बदलतं, वारा सरला की बरं वाटतं. पण गॅसने दरदरून घाम फुटत नाही. गॅसने दम लागत नाही. गॅसने माणूस पांढराफटक पडत नाही. आणि आतड्यातला गॅस डोक्यात 'चढत' नाही, तिकडे जायला त्याला रस्ताच नाही.

'ढेकर आली म्हणजे गॅसच होता' हा दुसरा गैरसमज. हार्ट ॲटॅकमध्येही मळमळ होते, ढेकरा येतात. 'ॲसिडिटीच्या औषधाने बरं वाटलं म्हणजे हृदयाचं काही नाही' हा तिसरा. औषधाने बरं वाटण्यावरून हृदय सुरक्षित आहे असं ठरवता येत नाही. हृदयाचा खालचा भाग पोटाला टेकून असतो, त्याची वेदना बेंबीच्या वरच जाणवू शकते. वय जास्त असेल, मधुमेह असेल, रुग्ण स्त्री असेल, तर छातीत न दुखता झटका येण्याची शक्यता आणखी वाढते.

म्हणून माझा साधा नियम आहे. साठीच्या पुढच्या माणसाचं बेंबीच्या वर नव्याने दुखतंय, आणि सोबत घाम, दम, चक्कर किंवा प्रचंड थकवा आहे, तर आधी ईसीजी, मग पोटाचा विचार. पाच मिनिटांचं आणि काही शे रुपयांचं काम आहे. पहिला ईसीजी नॉर्मल आला आणि दुखणं चालूच असेल, तर थोड्या वेळाने पुन्हा काढायचा.

म्हातारं शरीर खोटं बोलतं

तरुण मुलाचं अपेंडिक्स सुजलं की ताप येतो, पोट लाकडासारखं कडक होतं, रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढतात, पोरगं ओरडतं. पंच्याहत्तरीच्या आजोबांमध्ये तोच आजार असताना ताप नसतो, पेशी नॉर्मल येऊ शकतात, आणि पोटाचे स्नायूच इतके पातळ झालेले असतात की कडकपणा जाणवत नाही. आजोबा फक्त म्हणतात, "जरा बरं वाटत नाही, जेवण नको." आणि अपेंडिक्स फुटण्याचं प्रमाण मात्र याच वयात जास्त असतं.

त्यात औषधांची भर. बीपीसाठी किंवा हृदयासाठी काही गोळ्या अशा असतात की त्या नाडी वाढू देत नाहीत, त्यामुळे पोटात रक्तस्राव होत असतानाही नाडी शांत दिसते. स्टिरॉइडमुळे पोटातली सूज झाकली जाते. सांधेदुखीवर मिळणाऱ्या 'देशी' पावडरींत अनेकदा स्टिरॉइडच मिसळलेलं असतं आणि ते खाणाऱ्याला माहीतही नसतं. घरच्या मशीनवर बीपी ११० आलं की तुम्ही खूश होता. पण ज्यांचं बीपी एरवी १६० असतं, त्यांचं उलट्या-जुलाबांत ११० येणं हा धोक्याचा इशारा आहे.

'फार दुखत नाहीये, तापही नाही, म्हणजे गंभीर नसेल' हे गणित चाळिशीपर्यंत बरंचसं चालतं. सत्तरीत ते साफ चुकतं.

आणि म्हातारी माणसंही खरं सांगत नाहीत

माझ्याच घरातली गोष्ट सांगतो. आई तेव्हा एकोणऐंशीची होती. दोन दिवस जेवण टाळत होती. विचारलं की "उपास आहे", "भूक नाही". तिसऱ्या दिवशी हिरवी उलटी झाली तेव्हा तपासलं. जांघेत लिंबाएवढी कडक, दुखरी गाठ. हर्नियात आतडं अडकलेलं. ऑपरेशनमध्ये आतड्याचा काळा पडलेला तुकडा कापावा लागला. आई वाचली. पण "दोन दिवस सांगितलं का नाहीस?" या माझ्या प्रश्नाला तिचं उत्तर होतं, "तुझी ओपीडी चालू होती. आणि तिथली गाठ कशी दाखवायची?"

एमडी डॉक्टरच्या घरात हे घडलं. तुमच्या घरात घडणार नाही असं समजू नका. आपली म्हातारी माणसं मुलांना त्रास नको, खर्च नको, सुनेची झोपमोड नको म्हणून गप्प बसतात. त्यामुळे 'तिने सांगितलं असतं ना' यावर विसंबू नका. विचारावं लागतं आणि बघावंही लागतं.

या खुणा दिसल्या तर सकाळची वाट बघायची नाही

• काळी संडास किंवा रक्ताची उलटी. डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची संडास म्हणजे जठरात किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीला रक्तस्राव. उलटी लाल असेल किंवा चहाच्या चोथ्यासारखी काळपट असेल, तरी अर्थ तोच. लोहाच्या गोळ्यांनीही संडास काळसर होते, पण ती डांबरासारखी चिकट नसते. शंका असेल तर डॉक्टरांना ठरवू द्या. गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या घेणारे, आणि ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असणारे यांना हा धोका सर्वांत जास्त. म्हातारपणात अल्सर अजिबात न दुखता रक्त सोडू शकतो. भळाभळा लाल रक्त संडासवाटे गेलं, तर त्याला 'मूळव्याध असेल' म्हणून घरी बसू नका.

• उलट्या, फुगलेलं पोट, आणि संडास व वारा दोन्ही बंद. ही बद्धकोष्ठता नाही, आतड्याला अडथळा आहे. जुना हर्निया, जुन्या ऑपरेशनमुळे चिकटलेली आतडी, मोठ्या आतड्याचा पीळ किंवा गाठ अशी कारणं असतात. अशा वेळी एरंडेल किंवा जुलाबाचं औषध पाजणं म्हणजे बंद दरवाजावर मागून गर्दी ढकलणं. जांघ आणि बेंबी उघडून बघा. आत न जाणारी, दुखरी गाठ असेल तर तासन्‌तास दाबत बसू नका, निघा.

• अचानक सुरू झालेलं, न थांबणारं दुखणं. हलल्यावर, खोकल्यावर वाढत असेल तर अल्सर किंवा आतडं फुटलेलं असू शकतं. दुखणं पाठीत जात असेल आणि माणूस घेरी येऊन पडला असेल, विशेषतः वर्षानुवर्षं बिडी-सिगरेट ओढणारे आजोबा असतील, तर पोटातली मुख्य रक्तवाहिनी फुगून फुटल्याची शंका घ्यावी लागते. हे दुखणं मुतखड्यासारखंच वाटू शकतं. साठीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच झालेला 'मुतखडा' तपासणीशिवाय मुतखडा मानू नये.

• आजी तळमळतायत, पण पोट हाताला मऊ लागतंय. डॉक्टरही इथे फसतात. हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्यांमध्ये रक्ताची गुठळी सुटून आतड्याच्या रक्तवाहिनीत अडकू शकते. आतड्याचा रक्तपुरवठा बंद झाला की काही तासांत आतडं मरायला लागतं. सोनोग्राफीत हे बऱ्याचदा कळत नाही, डाय टाकून सीटी स्कॅन लागतो. म्हणून 'सोनोग्राफी नॉर्मल आहे' एवढ्यावर घरी येऊ नका. "दुखणं इतकं का आहे?" हे विचारा.

• हुडहुडी भरून ताप, डोळे पिवळे, उजव्या बरगडीखाली दुखणं. पित्तनलिकेत खडा अडकून जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. यात माणूस काही तासांत शॉकमध्ये जातो. काविळीची माळ आणायला जाणाऱ्यांना हात जोडून सांगतो, आधी हॉस्पिटल.

• उलट्या-जुलाबांत लघवी कमी होणं. वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते, त्यामुळे शरीर कोरडं पडत असतानाही 'पाणी नको' असंच उत्तर मिळतं. त्यातच बीपीच्या काही गोळ्या, लघवी वाढवणारी गोळी, मधुमेहाची मेटफॉर्मिन हे सगळं नेहमीप्रमाणे चालू असतं. मग किडनी बसते. सहा-आठ तास लघवी नाही, पाणी पोटात टिकत नाही, उभं राहिलं की चक्कर येते, तर सलाइनची गरज आहे. शुगर घरीच तपासा. जेवण नाही पण शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू, अशा वेळी शुगर धोकादायक खाली जाते. कुठली गोळी थांबवायची हे त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारा, स्वतः ठरवू नका.

• अचानक बदललेलं वागणं. काल नीट बोलणारे आजोबा आज असंबद्ध बोलतायत, गुंगीत आहेत, चालताना पडले. 'वय झालं' असं म्हणून सोडू नका. पोटातला संसर्ग, कमी झालेलं सोडियम किंवा साखर, कमी झालेलं बीपी यांची ती पहिली आणि कधीकधी एकमेव खूण असते.

झॅकरी कोप या ब्रिटिश सर्जननी १९२१ साली तीव्र पोटदुखीवर पुस्तक लिहिलं. त्यातला सहा तासांचा नियम आम्ही विद्यार्थी असताना घोकलाय: एरवी बऱ्या असलेल्या माणसाचं जोरदार पोट सहा तास दुखत राहिलं, तर कारण बहुधा सर्जनच्या हद्दीतलं निघतं. याचा अर्थ सहा तास घरी थांबायची मुभा आहे असा घेऊ नका. वरची एक जरी खूण असेल तर लगेच निघा.

"पण डॉक्टर, दर वेळी पळायचं का?"

हा प्रश्न येणारच, आणि तो रास्त आहे. उत्तर असं की दर वेळी नाही. कालच्या भजींनंतरची जळजळ, चालत-बोलत असणाऱ्या माणसाचे दोन पातळ जुलाब, नेहमीची जुनी बद्धकोष्ठता यांसाठी रात्री पळायची गरज नाही. ओआरएस द्या, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात मिसळून. हृदय किंवा किडनीचा आजार असेल तर किती द्यायचं ते डॉक्टरांना विचारा. मात्र दर दोन-तीन तासांनी माणसाकडे बघा. आणि वजन घटणं, घास अडकणं, नव्याने सुरू झालेली बद्धकोष्ठता, कमी झालेलं हिमोग्लोबिन या गोष्टी रात्रीच्या नसल्या तरी महिन्यावर ढकलायच्याही नाहीत. त्याच आठवड्यात दाखवा.

पण वरच्या खुणा असतील तर होय, दर वेळी. दोनदा-तीनदा 'काही नाही' ऐकून परत आलात तर वाईट वाटून घेऊ नका. 'काही नाही' हे तपासून कळलेलं आणि घरात बसून ठरवलेलं, यांत फार फरक आहे.

"हॉस्पिटलवाले लुटतात." काही ठिकाणी अनावश्यक तपासण्या होतात, मी नाकारत नाही. तो राग माझाही आहे. पण त्या रागाची किंमत आजीने का मोजायची? जिल्हा रुग्णालयात, मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात तातडीचा विभाग चोवीस तास चालू असतो. १०८ ची ॲम्ब्युलन्स सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे आणि ती मोफत आहे. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांच्या आणि त्यापुढच्या नागरिकांना, उत्पन्न काहीही असलं तरी, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचं कवच मिळालं आहे, योजनेत असलेल्या रुग्णालयांत. कार्ड आजच काढून ठेवा. रात्री दोन वाजता कार्ड निघत नाही.

"या वयात कशाला त्यांचे हाल?" हा सगळ्यांत अवघड मुद्दा. असाध्य आजाराच्या शेवटच्या टप्प्यात घरीच शांतपणे राहायचं, असं स्वतः रुग्णाने आणि घरच्यांनी विचारपूर्वक ठरवलं असेल, तर मी त्याचा आदर करतो. अशा वेळीही वेदना कमी करायला डॉक्टर लागतातच. पण तो निर्णय आधी, दिवसाउजेडी, त्यांना विचारून घ्यायचा असतो. शेजारच्या खोलीत 'वय झालंय' असं कुजबुजत, झोपेतून उठायचा कंटाळा त्या निर्णयाच्या नावावर खपवायचा नसतो. अडकलेला हर्निया, रक्त सोडणारा अल्सर, पित्तनलिकेतला खडा यांचे उपचार वेळेत झाले तर ऐंशीचा माणूसही पुन्हा आपल्या खुर्चीत बसून चहा पितो. मी असे अनेक पाहिले आहेत.

माझ्या व्यवसायबंधूंनो, तुम्हालाही

दोष फक्त नातेवाइकांचा नाही. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एक अडुसष्ट वर्षांचे गृहस्थ थकवा म्हणून आले. मी टॉनिक लिहून दिलं. संडासचा रंग विचारला नाही, गुडघ्यासाठी मेडिकलमधून कुठल्या गोळ्या घेतात तेही विचारलं नाही. चार दिवसांनी ते बाथरूममध्ये कोसळले. हिमोग्लोबिन पाच. रक्ताच्या चार पिशव्या आणि एंडोस्कोपीनंतर वाचले. त्यांनी मला कधी बोल लावला नाही, मीच अजून लावतो. म्हणून सांगतो, म्हाताऱ्या माणसाला रात्री ॲसिडिटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवण्याआधी ईसीजी काढा, जांघ उघडून बघा, संडासचा रंग विचारा. दहा मिनिटं लागतात.

आज घरी एवढं करून ठेवा

१. चालू गोळ्यांची यादी, जुने आजार, ऑपरेशनं, ॲलर्जी एका कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा. त्यात मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्या आणि पावडरीही लिहा.

२. रात्री ईसीजी, सर्जन आणि रक्त कुठे मिळतं हे आधीच शोधून ठेवा.

३. तुम्ही पुण्यात किंवा परदेशात आणि आई-बाबा गावी असतील, तर फोनवर "बरं आहे ना?" विचारू नका. त्याचं उत्तर 'हो'च असतं. विचारा: शेवटची लघवी कधी झाली? संडासचा रंग कसा होता? वारा सरतोय का? काल रात्री काय खाल्लंत? घाम आला होता का? उत्तरं गोंधळलेली वाटली तर शेजाऱ्यांना लगेच बघायला पाठवा.

४. निघायचं ठरलं की खायला-प्यायला देऊ नका, ऑपरेशन लागू शकतं. तोंड कोरडं पडलं तर ओठ ओले करा. साखर कमी असल्याचं दिसलं आणि माणूस शुद्धीत असेल तर तेवढी साखर मात्र द्या. वेदनाशामक गोळी, एनिमा, पोटाचं मालिश, काही नको. 'हार्ट ॲटॅक असेल' म्हणून स्वतःहून ॲस्पिरिनही नको, कारण तोच अल्सर असू शकतो.

५. हॉस्पिटलमध्ये गेल्यावर "गॅस झालाय" असं सांगू नका. काय दिसलं ते सांगा: "रात्री नऊपासून बेंबीच्या वर दुखतंय, एक उलटी, घाम आला, मधुमेह आहे."

त्या आजींच्या घरच्यांनी हे शेवटचं वाक्य रात्री दहा वाजता कुठल्याही तातडीच्या विभागात म्हटलं असतं, तर ईसीजी निघाला असता. घरी प्रेमाची कमतरता नव्हती. मुलगा रात्रभर आईचे पाय दाबत बसला होता.